छपराच्या कडेला बर्फाचा बांध का होतो आणि तो कसा टाळायचा

घरातली ऊब माळ्यात झिरपते, छपराचा वरचा भाग तापतो आणि बर्फाचा तळचा थर वितळतो. ते पाणी उतरून वळचणीला येतं. तिथं खाली ऊब नसते, म्हणून ते पुन्हा गोठतं. या बांधामागे साचलेलं पाणी मग कौलांखालून वर चढतं आणि छताला ओल धरते. पन्हळ साफ करा, पण खरं दुखणं माळ्यात आहे.

आधी फटी बुजवा: दिव्यांची भोकं, पाइपांच्या कडा, माळ्याचं झाकण. बारीक फटींना सीलंट, मोठ्यांना फोम. धुराड्याभोवती मात्र पत्रा आणि उष्णतारोधक सीलंटच. बाथरूमच्या पंख्याची नळी माळ्यात सोडलेली असेल, तर ती बाहेर काढा. त्यानंतरच माळ्याच्या तळावर इन्सुलेशन, म्हणजे ऊब अडवणारा थर, सुमारे ३५ ते ४० सेंटीमीटर. क्रम उलटा केला तर ऊबदार हवा त्यातूनही वर जाते. वळचणीपाशी छपराखाली ५ सेंटीमीटर वाट मोकळी ठेवा, नाहीतर छपर गार ठेवणारी बाहेरची थंड हवा आत येणारच नाही.

दाट बर्फ पडला की लांब दांड्याच्या फावडीने जमिनीवरूनच खालचा मीटर-दीड मीटर पट्टा मोकळा करा. विजेच्या तारा जवळ नकोत.

बांध झालाच, तर कुऱ्हाड नको, कौलं फुटतात. जुन्या पायमोज्यात कॅल्शियम क्लोराइड (बर्फ वितळवणारा क्षार) भरून तो बांधावर आडवा नाही, उताराच्या दिशेने उभा ठेवा, म्हणजे पाण्याला वाट होते. साधं मीठ पत्रा खातं.