शाळेच्या वाटेवरील तंबू: सिॲटलमध्ये नव्याने आलेल्या मराठी पालकांसाठी

सिॲटल शहरात घर भाड्याने घेऊन मुलांना सार्वजनिक शाळेत घालणारे मराठी पालक पहिल्या काही आठवड्यांतच एक प्रश्न हमखास विचारतात. शाळेच्या वाटेवर, मैदानाच्या कडेला किंवा पुलाखाली दिसणाऱ्या तंबूंची भीती बाळगावी का, आणि बाळगायची तर तक्रार कोणाकडे करावी, असा तो प्रश्न असतो. प्रश्न रास्त आहे. मुलांच्या सुरक्षिततेची काळजी वाटते म्हणून कोणी निर्दय ठरत नाही, आणि बेघर माणसांविषयी कणव वाटते म्हणून कोणी बेजबाबदार पालकही ठरत नाही. मात्र या शहरात त्या काळजीचे उत्तर बहुतेक वेळा एका रूक्ष माहितीवर अवलंबून असते: तंबू ज्या जागेवर आहे, ती जागा कोणाच्या मालकीची आहे? नव्याने आलेल्या पालकांनी सर्वांत आधी हे समजून घ्यावे, कारण येथे महिनोन्महिने फुकट जातात ते चुकीच्या दारावर थापा मारण्यात.

याची दोन उदाहरणे २०२१ सालची आहेत आणि ती शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. कॅपिटल हिल भागात मीनी माध्यमिक शाळेला लागून मिलर प्लेफील्ड नावाचे मैदान आहे. महासाथीच्या काळात तेथे तंबू वाढले होते. मुले पुन्हा वर्गात येऊ लागली त्याच सुमारास, म्हणजे एप्रिलमध्ये, शहराच्या उद्यान विभागाने ते मैदान रिकामे केले. शहराच्या उत्तर भागातील ब्रॉडव्ह्यू-थॉमसन शाळेमागे, बिटर लेक या तळ्याच्या काठी, तंबूंची याहून मोठी वस्ती होती. ती मात्र डिसेंबरपर्यंत हलली नाही, कारण ती जागा शहराची नसून शालेय जिल्ह्याची, म्हणजे शाळा चालवणाऱ्या स्वतंत्र संस्थेची होती. ही संस्था महापौरांच्या हाताखाली येत नाही. तिचे स्वतंत्र निवडून आलेले मंडळ असते. तिच्याकडे शिक्षक असतात, बसगाड्या असतात, पण बेघरांना निवारा देणारी यंत्रणा नसते. जिल्ह्याने शहराकडे मदत मागितली, महापौरांनी जागेच्या मालकीकडे बोट दाखवले, आणि मधल्या काळात शाळा व तंबू यांच्यामध्ये काय ते कुंपण उरले. अखेर एका स्वयंसेवी संस्थेने तंबूंतील माणसांशी एकेक करून बोलून त्यांच्यासाठी जागा शोधल्या, तेव्हा तो तळ्याकाठ मोकळा झाला. सरकारी टोलवाटोलवी आपल्याकडेच चालते असा ज्यांचा समज असेल, त्यांनी त्या वर्षीची वृत्तपत्रे जरूर वाचावीत.

जागेची मालकी शोधणे अवघड नाही. सिॲटल ज्या प्रशासकीय विभागात येते त्या किंग काउंटीने ‘पार्सल व्ह्यूअर’ नावाचा नकाशा सर्वांसाठी खुला ठेवला आहे. त्यात पत्ता टाकून किंवा नकाशावरील तुकड्यावर बोट ठेवून त्या भूखंडाची माहिती उघडता येते. तेथे ‘सिॲटल स्कूल डिस्ट्रिक्ट नंबर १’ असे आले, तर तक्रार शाळेच्या प्रिन्सिपलकडे आणि जिल्ह्याच्या सुरक्षा विभागाकडे करावी. शहराचे उद्यान, फुटपाथ किंवा रस्ता असेल, तर शहराच्या ‘फाइंड इट, फिक्स इट’ या ॲपवर नोंद करावी. महामार्गाचा उतार किंवा त्याच्या पुलाखालची पट्टी असेल, तर ती बहुधा राज्याच्या वाहतूक विभागाकडे असते आणि शहराच्या ॲपवर कितीही छायाचित्रे चढवली तरी काम पुढे सरकत नाही. बस थांब्याजवळचा प्रश्न काउंटीच्या मेट्रो सेवेला कळवावा. एकाच चौकाच्या चार कोपऱ्यांचे चार मालक असू शकतात, हे एकदा ध्यानात आले की शेजारच्या कोपऱ्यावरचे तंबू का उठले आणि आपल्या कोपऱ्यावरचे का उठले नाहीत, याचा उलगडा होतो.

कायद्याची पार्श्वभूमीही थोडक्यात माहीत असावी. पुरेसे निवारे उपलब्ध नसताना सार्वजनिक जागी झोपल्याबद्दल माणसाला शिक्षा करता येणार नाही, असे पश्चिमेकडील राज्यांसाठीच्या नवव्या सर्किट न्यायालयाने २०१८ साली बॉइझी शहराच्या खटल्यात ठरवले होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २८ जून २०२४ रोजी ओरेगनमधील ग्रँट्स पास शहराच्या खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी ते बंधन काढून टाकले. त्यामुळे शहरांचे हात मोकळे झाले, पण तंबू हटवणे शहरांवर बंधनकारक झाले असे नव्हे. सिॲटलच्या २०१७ पासूनच्या नियमांत साधारणपणे ७२ तासांची पूर्वसूचना, पर्यायी निवाऱ्याची विचारणा आणि सामान जपून ठेवण्याची तरतूद आहे. फुटपाथ अडवणारा किंवा तातडीचा धोका निर्माण करणारा तंबू मात्र पूर्वसूचनेविना हटवता येतो. लॉस एंजेलिसने २०२२ साली शाळा आणि पाळणाघरांपासून ५०० फुटांच्या आत तंबू ठोकण्यास सरसकट बंदी केली. दक्षिण कॅलिफोर्नियातून बदली होऊन येथे आलेल्या पालकांनी तो नियम सिॲटललाही लागू आहे असे गृहीत धरू नये. मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली उपजीविकेच्या हक्काला जीविताच्या हक्काचा भाग मानले, आणि तरीही रीतसर नोटीस देऊन झोपड्या हटवण्यास मुभा दिली. तो निकाल ज्यांना आठवत असेल, त्यांना येथील वादही फारसा परका वाटणार नाही.

रस्त्याकडेला महिनोन्महिने उभ्या असलेल्या जुन्या आरव्ही, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या मोठ्या गाड्यांबाबत आणखी एक गुंतागुंत आहे. एका जागी ७२ तासांपेक्षा अधिक काळ गाडी उभी ठेवू नये, असा शहराचा नियम आहे. परंतु ज्या गाडीत माणूस राहतो ती त्याचे घर ठरू शकते, असे वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली मान्य केले. त्यामुळे गाडी उचलून नेण्याची कारवाई पूर्वीइतकी सोपी राहिलेली नाही, आणि दुर्लक्ष म्हणून जे दिसते त्यात काही वेळा हेही कारण असते.

प्रश्नाचा आकारही नजरेसमोर असावा. सिॲटल आणि किंग काउंटी यांनी बेघरपणाबाबत नोव्हेंबर २०१५ मध्ये आणीबाणी जाहीर केली. २०२४ च्या गणनेत काउंटीतील बेघरांची संख्या १६ हजारांहून अधिक भरली आणि त्यांतील निम्म्याहून जास्त लोक निवाऱ्याबाहेर होते. घरभाडे ज्या वेगाने वाढले त्या वेगाने स्वस्त घरे बांधली गेली नाहीत, आणि त्यावर फेंटॅनिल या जीवघेण्या अमली पदार्थाने कहर केला. आपण ज्या कंपन्यांमध्ये नोकरी करण्यासाठी येथे येतो, त्यांच्या वाढीचा या भाड्यांशी संबंध आहे, हे आपल्या मंडळींत बोलायला अवघड जाते. पण ते खरे आहे.

आता घर निवडण्याविषयी. शाळा पत्त्यावरून ठरते, म्हणून शालेय जिल्ह्याच्या संकेतस्थळावर नेमका पत्ता टाकून शाळा पाहावी. घरमालकाच्या किंवा एजंटच्या शब्दावर विसंबू नये. त्यानंतर शाळा भरताना आणि सुटताना, अशा दोन्ही वेळी त्या वाटेने स्वतः चालून पाहावे. रविवारी दुपारी गाडीतून मारलेल्या फेरीतून काहीच कळत नाही. मात्र आज दिसलेल्या एका तंबूमुळे चांगले घर सोडून देऊ नये, कारण हे तंबू सतत जागा बदलतात आणि तुमचा करार वर्षभराचा असतो. तंबूंपेक्षा वाटेवरील दिवे, झेब्रा क्रॉसिंग, तेथे उभे राहणारे क्रॉसिंग गार्ड आणि वाहनांचा वेग यांना मी अधिक महत्त्व देतो. डिसेंबरच्या अखेरीस येथे सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि साडेचारच्या आत मावळतो. चमकदार पट्ट्यांचे जाकीट नसलेले मूल त्या अंधारात गाडीचालकाला दिसतच नाही.

या धास्तीने बरेच जण थेट बेलव्ह्यू किंवा रेडमंड ही शेजारची शहरे गाठतात. तेथे तंबू कमी दिसतात आणि भाडी चढी असतात. पण तेथेही वाद आहेतच. रेडमंडमध्ये २०२४ साली बेघरांसाठी घरे चालवणाऱ्या ‘प्लिमथ हाउसिंग’ या संस्थेच्या शंभर घरांच्या प्रकल्पावरून मोठा वाद झाला, आणि आपल्या व्हॉट्सॲप गटांत त्या इमारतीचा उल्लेख ‘तंबूवाल्यांची वस्ती’ असा होत राहिला. या दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. कुलूप लावता येणारी खोली, भाडेकरार आणि इमारतीतच कर्मचारी असलेले घर म्हणजे तंबू नव्हे. तंबू कमी व्हायचे असतील तर अशी घरे कोठेतरी उभी राहिलीच पाहिजेत. शिवाय २०२१ च्या राज्य कायद्यामुळे, जेथे निवासी इमारती किंवा हॉटेले चालतात तेथे शहरांना अशी घरे नाकारता येत नाहीत. सभेत बोलायला उठण्यापूर्वी एवढे माहीत असले, तर आपले हसे होत नाही.

मुलांशी काय बोलावे, यावर पालक सर्वाधिक अडखळतात. लहान मुलांना तीन गोष्टी पुरतात: तंबूत डोकावायचे नाही, जमिनीवरील वस्तूला हात लावायचा नाही, आणि काही वेगळे दिसले तर लगेच मोठ्या माणसाला सांगायचे. कोणत्या वस्तू, हे मात्र स्पष्ट सांगावे. पूर्वी भीती इंजेक्शनच्या सुईची होती; आता काळी पडलेली चांदीच्या कागदासारखी फॉइल, कापलेली स्ट्रॉ आणि छोट्या निळ्या गोळ्या हीही अमली पदार्थांच्या वापराची लक्षणे आहेत. गोळी सापडली तर ती खाऊ नव्हे, हे बालवाडीतल्या मुलालाही बजावावे. अशा फॉइलला चुकून हात लागला म्हणून विषबाधा होत नाही. साबणाने हात धुवावेत आणि घाबरू नये. सुई टोचल्यास ती जागा साबण व पाण्याने धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, कारण काही औषधे वेळेत सुरू करावी लागतात. सुई स्वतः उचलू नये. शहराला कळवल्यास कर्मचारी येऊन ती नेतात. शाळेच्या आवारात असेल तर शाळेच्या कार्यालयात सांगावे.

भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा अनेक घरांत नातवंडांना शाळेत पोहोचवतात. त्यांना आधी एकदा सोबत नेऊन वाट दाखवावी. वाटेत कोणी मोठ्याने स्वतःशी बोलत असेल, तर त्याच्याशी हुज्जत घालू नये, उपदेश करू नये, छायाचित्र काढू नये आणि शांतपणे दुसऱ्या फुटपाथने जावे. ‘अरे, काम का करत नाही?’ हे मराठीत म्हटले तरी सूर समजतोच. कोणी निपचित पडलेले असेल आणि श्वास चालू आहे की नाही हे कळत नसेल, तर ९११ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करण्यास कचरू नये. आग, शस्त्र किंवा थेट धमकी असली तरीही ९११ वरच फोन करावा. नुसता तंबू दिसला म्हणून मात्र ९११ वर फोन करायचा नसतो.

व्हिसावर असलेले लोक तक्रार करायला बिचकतात. अशी नोंद केल्याने व्हिसावर परिणाम होत नाही. लोकांना त्यांचा स्थलांतराचा दर्जा विचारू नये, असे बंधन सिॲटलने २००३ सालच्या अध्यादेशाने आपल्या कर्मचाऱ्यांवर घातलेले आहे, आणि इंग्रजी बोलणे अवघड जात असेल तर ९११ वर दुभाषा मागता येतो.

शाळेकडून येणाऱ्या सूचनांचे दोन प्रकार ओळखायला शिकावे. ‘शेल्टर-इन-प्लेस’ म्हणजे परिसरात काहीतरी घडले आहे, बाहेरची दारे बंद आहेत, पण आत वर्ग चालू आहेत. ‘लॉकडाउन’ म्हणजे धोका जवळचा आहे आणि मुले वर्गात दार लावून शांत बसली आहेत. दोन्ही वेळी शाळेकडे धाव घेऊ नये; तुम्हाला आत सोडणार नाहीत आणि तुमची गाडी पोलिसांच्या वाटेत येईल. मुलांना कोठून न्यायचे हे जिल्हा कळवतो, म्हणून जिल्ह्याच्या ‘द सोर्स’ या पोर्टलवरील आपला फोन क्रमांक बरोबर आहे ना, हे प्रवेशाच्या दिवशीच तपासावे. नोव्हेंबर २०२२ मध्ये शहराच्या उत्तर भागातील इंग्रॅम हायस्कूलमध्ये गोळीबार होऊन एका विद्यार्थ्याचा मृत्यू झाला, तो एका विद्यार्थ्याने केलेला होता. त्याचा तंबूंशी काही संबंध नव्हता. धोका कोठून येतो याचा अंदाज बांधताना हे विसरू नये.

आणखी एक बाब पालकसभेत बोलण्यापूर्वी ठाऊक असावी. तुमच्या मुलाच्या वर्गात बेघर कुटुंबातील मूल असण्याची बरीच शक्यता आहे. १९८७ च्या मॅकिनी-व्हेंटो कायद्यानुसार निवाऱ्यात, मोटेलमध्ये, गाडीत किंवा घर गेल्यामुळे नातेवाइकांकडे दाटीवाटीने राहणाऱ्या मुलाला कागदपत्रांविना तात्काळ प्रवेश मिळतो, जुन्या शाळेतच राहण्याचा हक्क मिळतो आणि तेथवर ये-जा करण्याची सोयही जिल्ह्याला करावी लागते. असे मूल कोणते, हे शाळा सांगणार नाही आणि आपण विचारूही नये. सभेत ‘ही घाण इथून हटवा’ असे कोणी म्हणते, तेव्हा त्या मुलाची आई मागच्या रांगेत बसलेली असू शकते.

म्हणून तक्रार माणसांची नव्हे, परिस्थितीची करावी. ‘शाळेच्या पूर्वेकडील फाटकापासून पन्नास पावलांवर फुटपाथ पूर्ण अडला आहे, मुलांना रस्त्यावर उतरावे लागते, सकाळी पावणेआठला तेथे शेगडी पेटलेली असते’ असे एक वाक्य दहा संतप्त ईमेलना भारी पडते. चेहरे न दिसतील असे छायाचित्र जोडावे आणि ॲपने दिलेला नोंद क्रमांक जपून ठेवावा. तीच तक्रार चार पालकांनी वेगवेगळ्या दिवशी नोंदवली तर तिचे वजन वाढते. तरीही हालचाल झाली नाही, तर पालक-शिक्षक संघामार्फत शालेय मंडळाच्या सभेत बोलण्यासाठी नाव नोंदवावे. त्यासाठी नागरिकत्व लागत नाही. तेथे प्रत्येकाला फार थोडा वेळ मिळतो. तो स्वतःची ओळख करून देण्यात घालवू नये: शाळेचे नाव, भूखंडाचा मालक, नोंद क्रमांक, पहिल्या नोंदीची तारीख आणि मंडळाने कोणत्या विभागाशी बोलावे अशी तुमची अपेक्षा आहे, एवढे कागदावर लिहून नेऊन वाचून दाखवावे आणि त्याची प्रत मंडळाच्या सचिवांकडे द्यावी.