थकलेल्या कर्जाची बोलणी: दावा दाखल होण्याआधी काय करावे

हप्ते थकले की वसुली प्रतिनिधीचे फोन सुरू होतात आणि पुष्कळ कर्जदार ते उचलणेच बंद करतात. दावा टाळायचा असेल, तर हे सर्वांत महागात पडते. परतफेडीची इच्छा असलेल्या कर्जदाराशी बोलणी करण्यात धनकोचाही फायदा असतो. मात्र ती इच्छा कागदावर दिसली पाहिजे.

प्रथम खातेउतारा मागवून मुद्दल, व्याज आणि दंड वेगवेगळे लिहून काढावेत. रिझर्व्ह बँकेच्या 2023 च्या परिपत्रकानुसार बँका आणि वित्त कंपन्यांना दंडाची रक्कम मुद्दलात मिळवून तिच्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही, त्यामुळे बोलणी बहुधा दंडापासूनच सुरू करावीत. प्रतिनिधी आला, तर त्याचे ओळखपत्र आणि अधिकारपत्र पाहावे. थकबाकीसाठी सकाळी 8 पूर्वी किंवा संध्याकाळी 7 नंतर फोन करण्यास त्याला मनाई आहे. शिवीगाळ किंवा धमकी झाल्यास तारीख-वेळ टिपून बँकेकडे लेखी तक्रार करावी. 30 दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

प्रस्ताव नेहमी शाखाधिकाऱ्याच्या नावे लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. कोकणातील उत्पन्न महिन्याच्या ठरावीक तारखेला हाती येत नाही, आणि हे सांगण्यात कमीपणा मानू नये. हर्णैच्या नौकामालकाने असे लिहावे: ‘1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. नौका समुद्रात गेल्यावर सप्टेंबरपासून दरमहा अमुक रक्कम भरेन. तोपर्यंत केवळ व्याज भरतो.’ देवगडच्या बागायतदाराने आंब्याचा पैसा हाती येईल त्या मे महिन्यात मोठा हप्ता मागावा. जेवढे झेपेल तेवढेच लिहावे, कारण कबूल केलेला पहिलाच हप्ता चुकला की पुढच्या बोलण्याला वजन राहत नाही.

एकरकमी तडजोड करायची असेल, तर रक्कम, मुदत आणि ‘यानंतर कोणतीही येणे बाकी नाही’ हे वाक्य असलेले मंजुरीपत्र हाती आल्याखेरीज एक रुपयाही भरू नये, आणि प्रतिनिधीच्या हाती रोख तर कधीच देऊ नये. जामीनदाराची मुक्तताही त्याच पत्रात लिहून घ्यावी. अशा तडजोडीने खाते पतअहवालात ‘सेटल्ड’ असे दिसते आणि पुढील कर्ज मिळणे अवघड होते, याचाही विचार आधी करावा. कर्ज जुने असेल, तर सही करण्यापूर्वी वकिलाला विचारावे: दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची असली, तरी ती संपण्यापूर्वी दिलेली लेखी कबुली तिला पुन्हा सुरू करते.

गावच्या पतसंस्थेचे कर्ज असेल, तर अधिक सावध राहावे. सहकार कायद्याच्या कलम 101 खाली निबंधकाकडून वसुली दाखला मिळवून संस्था दिवाणी दाव्याशिवायही जप्तीपर्यंत जाऊ शकते. म्हणून सुनावणीची नोटीस आली की हजर राहून आपला हिशेब मांडावा.

बोलणी अडली, तर तालुका विधी सेवा समितीकडे दावापूर्व प्रकरण म्हणून लोकअदालतीसाठी अर्ज करावा. त्यासाठी कोर्ट फी लागत नाही. तेथील निवाडा मात्र दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असून त्यावर अपील नाही, म्हणून न झेपणाऱ्या आकड्यावर सही करू नये.

रक्कम फिटताच बेबाकी दाखला घ्यावा. बँकेने मूळ कागदपत्रे 30 दिवसांत परत करायची असतात. उशिराला तीच जबाबदार असेल, तर दिवसाला 5000 रुपये भरपाई देणे तिच्यावर बंधनकारक आहे. सातबारावर बोजा असेल, तर तो दाखला तलाठ्याकडे देऊन इतर हक्कांतील नोंद कमी करून घ्यावी.