मेडिटरेनियन हॉटेलात मित्रांसोबत जाताय? या चुका टाळा

पुण्यात बाणेर, कल्याणीनगर घ्या, मुंबईत वांद्रे किंवा पवई घ्या, घरापासून रिक्षाच्या अंतरावर हल्ली एखादं तरी ‘मेडिटरेनियन’ सापडतंच. निळ्या-पांढऱ्या भिंती, कोपऱ्यात प्लास्टिकचं ऑलिव्हचं झाड. मेन्यू उघडला की बहुतेक लेबनीज, त्यात थोडं तुर्की, थोडं ग्रीक, आणि ज्यांना यातलं काहीच नको त्यांच्यासाठी शेवटच्या पानावर पास्ता-पिझ्झा. सहा-सात जणांचा ग्रुप जातो आणि बाहेर पडताना बऱ्याचदा एकच सूर निघतो: “चांगलं होतं रे, पण पोट नाही भरलं. आणि बिल बघितलंस का?”

यात किचनचा दोष असेलच असं नाही. हे जेवण मध्ये ठेवून सगळ्यांनी मिळून, रमतगमत खायचं आहे. आपण ते पंजाबी हॉटेलच्या हिशेबाने मागवतो: आधी स्टार्टर, मग तीन भाज्या, रोट्या, शेवटी एक राइस. घोळ तिथून सुरू होतो.

एकाच दमात सगळी ऑर्डर देणं

ही सगळ्यात मोठी चूक. मेझे म्हणजे लहान लहान प्लेट्स. त्यातल्या थंड गोष्टी, म्हणजे हमस (वाटलेले काबुली चणे), लबने (घट्ट टांगलेलं दही), मुहम्मरा, आधीच तयार असतात. ऑर्डर दिल्यावर पाच-दहा मिनिटांत त्या येतात. पाठोपाठ गरम प्लेट्स येतात, आणि फोन, चाव्या, पाण्याच्या बाटल्या यांच्या गर्दीत टेबलावर जागाच उरत नाही. ग्रिल केलेलं हलूमी कोपऱ्यात पडून राहतं. हे सायप्रसचं चीझ तव्यावरून उतरल्यावर पाच मिनिटं फार छान लागतं. नंतर चावताना रबर.

त्यापेक्षा दोन फेऱ्यांत मागवा. सहा जण असाल तर पहिल्या फेरीत तीन-चार थंड प्लेट्स, दोन गरम आणि एक सॅलड. ते निम्मं संपलं की मग ठरवा, मिक्स ग्रिल एक पुरेल की दोन लागतील. बहुतेक वेळा एकच पुरतं. कॅप्टन “सर, सगळी ऑर्डर आत्ताच देऊन टाका, किचन बिझी आहे” म्हणेल. त्याला हसून सांगा, “दादा, एवढं येऊ दे, मग बोलू.”

याला अपवाद वेळखाऊ पदार्थांचा. पाएया या स्पॅनिश पदार्थाचा भात कच्च्या तांदळापासून त्याच पॅनमध्ये शिजतो, तीस-चाळीस मिनिटं सहज जातात. अख्खा मासा आणि कुनाफा (चीझ भरलेली, शेवयांची गरम मिठाई) यांचंही तसंच. हे हवं असेल तर बसल्या बसल्या सांगून ठेवा, नाहीतर कुनाफाची वाट बघत रिकाम्या टेबलावर जांभया द्याव्या लागतात.

पाच प्लेट्स, चव एकच

हमस, बीटरूट हमस, मुतब्बल, बाबा गनूश आणि सोबत फलाफल, म्हणजे चण्याचे तळलेले वडे. ऑर्डर भरगच्च दिसते, पण यातल्या जवळजवळ प्रत्येक प्लेटमध्ये तहिनी आहे, म्हणजे तिळाची पेस्ट. तिसऱ्या घासानंतर सगळं सारखंच लागायला लागतं. मुतब्बल आणि बाबा गनूश तर दोन्ही भाजलेल्या वांग्याचे. लेबनॉनमध्ये त्यांत फरक करतात: मुतब्बलमध्ये तहिनी, बाबा गनूशमध्ये टोमॅटो, कांदा, डाळिंबाचा आंबटगोड पाक. आपल्याकडच्या मेन्यूवर मात्र दोन्ही नावं सर्रास एकाच पदार्थाला देतात. दोन्ही मागवण्याआधी विचारून घ्या, नाहीतर एकच वांगं दोनदा येईल.

निवडताना असं बघा: एक तहिनीचं, एक दह्याचं (लबने, त्झात्झिकी), एक लाल मिरची-अक्रोडाचं (मुहम्मरा, मूळ अलेप्पोकडचं), एक आंबट कुरकुरीत सॅलड, एक तळलेलं. सॅलडमध्ये माझं मत फत्तूशला, म्हणजे कुरकुरीत पीटाचे तुकडे घातलेल्या सॅलडला. तब्बूले म्हणजे खरं तर पार्सलीचं सॅलड, त्यात बुल्गूर (दलियासारखा गहू) नावापुरता. आपल्याकडच्या बऱ्याच किचनमध्ये पार्सली महाग म्हणून दलिया वाढतो, आणि मग ते धड सॅलडही नसतं आणि धड उपमाही.

आणि हो, पीस विचारा! फलाफल एका प्लेटमध्ये पाच, आपण सहा. सहावा “मला नकोच होतं” म्हणतो आणि रात्रभर लक्षात ठेवतो. “भाऊ, प्लेटमध्ये पीस किती? दोन वाढवून देता का?” एवढं विचारलं की बरेचजण वाढवून देतात, पैसे लावतात, प्रश्न मिटतो.

पीटा संपला, हमस उरलं

हमससोबत दोन पीटा येतात. सहा जणांत ते दोन मिनिटांत संपतात, मग कोणीतरी चमच्याने हमस खातो आणि “फारच हेवी आहे” म्हणतो. दुसऱ्या टोकाला एकदम दहा पीटा मागवणारे. ताजा पीटा फुगलेला येतो, फाडला की वाफ निघते. दहा मिनिटांत तो चिवट होतो. म्हणून माणशी एक मागवा, आणि तो संपत आला की पुढची फेरी. एक्स्ट्रा पीटाचे पैसे बहुतेक ठिकाणी वेगळे लावतात, ते मेन्यूत बघून ठेवा.

हमस फ्रिजमधून थेट आलेलं असेल तर ते थापलेल्या लोण्यासारखं घट्ट दिसतं आणि चमचा ओढला की कडा तशीच उभी राहते. परत पाठवायची गरज नाही. वर थोडं ऑलिव्ह ऑइल मागा आणि दहा मिनिटं तसंच ठेवा. मात्र आंबूस वास आला किंवा वर बारीक फेस दिसला, तर संकोच न करता बदलून घ्या.

“मी व्हेज आहे” एवढ्यावर भागवणं

आपल्या ग्रुपमध्ये कोणाचा शनिवार असतो, कोणाचा गुरुवार, कोणाचा श्रावण, आणि एखादा जैन मित्र असतोच. मेडिटरेनियन म्हणजे काबुली चणे, वांगी आणि दही, मग शाकाहारी माणसाला काय अडचण, असं वाटतं. अडचण तपशिलात असते.

डोल्मा, म्हणजे भरलेली द्राक्षाची पानं, नुसत्या भाताचीही असतात आणि खिम्याचीही. मसूर सूप नावाला डाळीचं, पण काही ठिकाणी चिकन स्टॉकमध्ये शिजतं. पिलाफचंही तसंच. फलाफल आणि कालामारी (स्क्विड) एकाच कढईत तळले जाऊ शकतात. चीझचा मुद्दा आणखी बारीक: युरोपातली बरीच पारंपरिक चीझ वासराच्या किंवा करडाच्या जठरातल्या रेनेटने जमवतात. पार्मिजानो रेज्जानो तर नियमानेच तसं बनतं. भारतात बनणाऱ्या चीझमध्ये सहसा मायक्रोबियल, म्हणजे सूक्ष्मजीवांपासूनचं रेनेट असतं, पण ‘इंपोर्टेड’ असं मेन्यूत ठळक लिहिलं असेल तर ज्याला फरक पडतो त्याने विचारावं.

तेव्हा वेटरला प्रश्न थेट विचारा: सूपमध्ये स्टॉक कसला? तळायचं तेल वेगळं आहे का? पनीरचे आणि चिकनचे स्क्यूअर एकाच जाळीवर भाजता का? वेटर गडबडला तर “जरा किचनमध्ये विचारून या” म्हणा. त्यात कोणाचा अपमान नाही.

जैन मित्रासाठी मात्र जागेवर बदल करून घेणं अवघड. हमसमध्ये लसूण सकाळी वाटतानाच पडलेला असतो, फलाफलच्या पिठात कांदा-लसूण आधीच मळलेला असतो. “बिना लसूण करून द्या” म्हटलं की कॅप्टन मान डोलावतो आणि तीच प्लेट येते. त्यापेक्षा बुकिंग करताना फोनवर सांगा, किंवा सुटसुटीत पर्याय घ्या: साधं लबने वर ऑलिव्ह ऑइल आणि झातार (सुक्या पाल्याचा आणि तिळाचा मसाला) घालून, कांद्याशिवाय फत्तूश, ग्रिल केलेलं हलूमी (रेनेट कसलं ते विचारून), ऑलिव्ह. लबनेत लसूण नाही ना, तेवढं मात्र खात्री करून घ्या.

कोणाला तिळाची ॲलर्जी असेल तर हे जेवण जपून करण्याचंच आहे. तहिनीत तीळ, झातारमध्ये तीळ, काही ब्रेडवर तीळ. अक्रोड मुहम्मरात, पिस्ते बकलाव्यात. दहा किंवा जास्त शाखा असलेल्या मोठ्या साखळ्यांना ॲलर्जीची माहिती द्यायचं बंधन आहे. गल्लीतल्या एकट्या हॉटेलच्या मेन्यूत ती सापडेलच असं नाही, म्हणून विचारायचं आपणच.

“फिकं आहे, जरा स्पायसी करून द्या”

असं सांगितलं की किचनमध्ये लाल तिखट आणि चाट मसाला निघतो, आणि शिश तावूकचा, म्हणजे सळईवर भाजलेल्या लेबनीज चिकनचा, चिकन टिक्का होतो. मग इथे आलात कशाला? या जेवणाची चव लिंबू, सुमाक या लालसर पुडीचा आंबटपणा, ऑलिव्ह ऑइल आणि धुराची आहे. तिखट हवंच असेल तर हरीसा मागा, ट्युनिशियाकडची लाल मिरचीची चटणी, ती बाजूला येते आणि ज्याला हवी तो घेतो. गुलाबी सलगमचं लोणचं मागा. त्याचा रंग बिटाचा असतो. चिकनसोबत ते उत्तम जातं. एक सावधगिरी: चिकनसोबत येणारी पांढरीशुभ्र तूम ही मेयोनीज नाही, कच्च्या लसणाची आहे. चमचाभर तोंडात टाकणाऱ्याला रात्रभर तीच आठवते.

‘हेल्दी’ म्हणून इथे येणाऱ्यांसाठीही दोन शब्द. भूमध्य आहाराची कीर्ती झाली ती १९५८ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ ॲन्सेल कीज यांनी सुरू केलेल्या सात देशांच्या अभ्यासातून. त्यात ग्रीसच्या क्रीट बेटावरचे लोक होते, आणि त्यांचं रोजचं जेवण म्हणजे कडधान्यं, भाज्या, ब्रेड, ऑलिव्ह ऑइल, मांस क्वचित. मिक्स ग्रिल, फ्राइज आणि पाकात बुडलेला बकलावा हे सणाचं जेवण झालं. आवडीने खा, फक्त डाएट म्हणू नका. युनेस्कोने २०१० मध्ये हा आहार आपल्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतला तेव्हाही भर पदार्थांइतकाच एकत्र बसून जेवण्यावर होता.

कॉफीची साखर नंतर मागणं

तुर्की कॉफीत साखर करतानाच पडते. ऑर्डर देतानाच बिनसाखर, मध्यम की गोड ते सांगा. आली की दोन मिनिटं थांबा, गाळ खाली बसू द्या, ढवळू नका, आणि तळाचा घोट कपातच सोडा.

बिलाचा गोंधळ

“सहाने भागा” हे सोपं वाटतं, पण दोघांनी वाइन घेतली आणि एकाने नुसतं लबने-पीटा खाल्लं तर तो मनात कुरकुरतो. जेवण मध्ये ठेवून खाल्लंय, ते सारखं वाटा; दारू पिणाऱ्यांची वेगळी. हे बसतानाच सांगितलं की सोपं जातं, कारण दारूवर जीएसटी नसून राज्याचा व्हॅट लागतो आणि बिलात तो भाग तसाही वेगळा दिसतो. जेवणावर अशा स्वतंत्र हॉटेलांत जीएसटी सहसा ५ टक्के.

खाली सर्व्हिस चार्ज दिसला तर तो देणं तुमच्या मर्जीवर आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत तो आपोआप बिलात लावायला मनाई केली, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना कायम ठेवल्या. शांतपणे “हा काढून द्या” म्हणा. ऐकलं नाही तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. पण चार्ज काढून घेतलात आणि वेटरने पीटाच्या चार फेऱ्या हसतमुखाने आणल्या असतील, तर टीप रोख त्याच्या हातात द्या.

उरलेलं पार्सल घेताना लाजू नका. हमस आणि मुहम्मरा फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवशी चांगलं लागतं, फलाफल तव्यावर थोड्या तेलात परतले की पुन्हा कुरकुरीत होतात, मायक्रोवेव्हमध्ये ते ओले पडतात. फत्तूश मात्र बांधून घेऊ नका, त्यातला पीटा घरी पोचेपर्यंत लगदा झालेला असतो.