गोवा विधानसभेचे पक्षीय बलाबल: तक्ता स्वतः कसा मांडावा

निकालाच्या दिवशीचा आकडा गोव्यात फार दिवस टिकत नाही. 10 मार्च 2022 रोजी काँग्रेसचे 11 आमदार निवडून आले आणि त्याच वर्षी 14 सप्टेंबरला त्यांतले 8 भाजपमध्ये गेले. त्यामुळे ‘या विधानसभेत भाजपचे आमदार किती?’ या प्रश्नाला 20 आणि 28 ही दोन्ही उत्तरे बरोबर असू शकतात, तारीख तेवढी वेगळी. आपण मत दिले ते कुठे जाऊन पोचले हे कळणे हा मतदाराचा हक्क आहे आणि त्यासाठी वहीची दोन पाने पुरतात.

आधी 40 ओळी आखा. गोव्यात विधान परिषद नाही, तेव्हा सगळा हिशेब या चाळीसांचाच. मतदारसंघ क्रमांकानेच लिहा: 1 मांद्रे, 2 पेडणे, असे करत 40 काणकोण. 20 प्रियोळपर्यंतचे मतदारसंघ लोकसभेसाठी उत्तर गोव्यात आणि 21 फोंड्यापासून पुढचे दक्षिण गोव्यात. तालुक्यांप्रमाणे गट पाडायला जाऊ नका, एकट्या फोंडा तालुक्यातले मतदारसंघ दोन्हीकडे विभागलेले आहेत.

मग सहा रकाने: आमदाराचे नाव, कोणत्या पक्षातर्फे निवडून आला, आज कोणत्या पक्षात, बदलाची तारीख, बदलाचे कारण, सरकारच्या बाजूने की विरोधात. पहिले दोन रकाने पेनाने भरा, बाकीचे पेन्सिलीने. निवडून आला तो पक्ष कधीच खोडायचा नाही.

निकालाची बेरीज लगेच करून घ्या. 2022 साली भाजप 20, काँग्रेस 11, मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष) 2, आप 2, गोवा फॉरवर्ड 1, आरजी (रिव्होल्युशनरी गोवन्स) 1, अपक्ष 3. एकूण 40. पक्षवार आकडे जुळले नाहीत तर बहुधा एखादा अपक्ष भाजपच्या खात्यात पडलेला असतो. डिचोली, कुठ्ठाळी आणि कुडतरीच्या अपक्षांनी सरकारला पाठिंबा दिला, पण पाठिंबा म्हणजे पक्षप्रवेश नव्हे. अपक्ष म्हणून निवडून आलेला आमदार नंतर एखाद्या पक्षात शिरला तर पक्षांतरबंदी कायद्याखाली अपात्र ठरू शकतो, म्हणून बहुतेक जण बाहेरूनच साथ देतात. मगोचेही तसेच. निवडणूक तृणमूलबरोबर युती करून लढवली, निकालानंतर भाजपला पाठिंबा दिला, पण पक्ष मगोच राहिला.

बदलाच्या कारणात चूक सर्वांत जास्त होते. राजीनामा, निधन, पोटनिवडणूक ही कारणे सरळ आहेत. विलीनीकरणाला मात्र गणित लागते. घटनेच्या दहाव्या परिशिष्टानुसार, म्हणजेच पक्षांतरबंदी कायद्यानुसार, विधिमंडळ पक्षाचे किमान दोन तृतीयांश आमदार एकत्र गेले तर अपात्रतेपासून संरक्षण मिळते. 11 चे दोन तृतीयांश 7.33, म्हणून सात पुरत नव्हते, आठ लागले. पूर्वी एक तृतीयांश फुटले तरी चालत असे. ती पळवाट 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीने बंद झाली.

दोन तृतीयांश काढायचे ते त्या दिवशीच्या संख्येचे, निकालाच्या नव्हे. 2017 साली काँग्रेसचे 17 आमदार होते. वाळपईच्या आमदाराने लगेच राजीनामा दिला, राहिले 16. ऑक्टोबर 2018 मध्ये मांद्रे आणि शिरोड्याच्या आमदारांनी राजीनामे दिले, 14. मे 2019 मध्ये पणजीची पोटनिवडणूक जिंकली, 15. त्यांतले 10 जण जुलै 2019 मध्ये भाजपमध्ये गेले, म्हणजे नेमके दोन तृतीयांश. 17 धरून मोजले असते तर 12 लागतात आणि हे 10 जण अपात्र कसे झाले नाहीत, याचा उलगडाच होत नाही.

तक्ता बरोबर आहे का, हे तपासायला सभागृहातले मतदान घ्या. 20 मार्च 2019 रोजी मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी विश्वासदर्शक ठराव 20 विरुद्ध 15 असा जिंकला. बेरीज 35 होते, 40 नाही. शिरोडा, मांद्रे, म्हापसा आणि पणजी या चार जागा रिकाम्या होत्या, म्हणून सदस्य 36. पीठासीन अधिकारी, म्हणजे सभापती किंवा त्यांच्या जागी बसलेला सदस्य, मत देत नाही, दोन्ही बाजू समसमान झाल्या तरच निर्णायक मत देतो. 36 वजा 1, झाले 35. बाजू लावून पाहा: भाजप 12 मधून पीठावरचे उपसभापती वजा करून 11, गोवा फॉरवर्ड 3, मगो 3, अपक्ष 3, म्हणजे 20. समोर काँग्रेस 14 आणि राष्ट्रवादी 1. आकडा असा तंतोतंत बसला की तक्ता पक्का समजावा.

बहुमताचा 21 हा आकडा सगळे 40 सदस्य हजर राहून मत देतील तरच खरा. ठराव उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांच्या बहुमताने ठरतो. रिकाम्या जागा आणि गैरहजेरी वाढली की तो खाली येतो. गणपूर्तीला, म्हणजे कामकाज चालण्यासाठीच्या किमान हजेरीला, 10 सदस्य लागतात.

जागा रिकामी झाली तर ओळ पुसू नका. ऑक्टोबर 2025 मध्ये फोंड्याचे आमदार रवी नाईक यांचे निधन झाले. अशा वेळी 21 व्या ओळीत पेन्सिलीने ‘रिक्त’ आणि तारीख लिहायची, भाजप 28 वरून 27 आणि एकूण 39 करायचे. पोटनिवडणुकीत निवडून येणाऱ्यासाठी त्याखाली ‘21 अ’ अशी नवी ओळ घालायची आणि त्याचा पक्ष पुन्हा पेनाने लिहायचा.