गव्हर्नरांवर चरित्रलेख लिहायचा असेल, तर

रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांवर लिहिताना पदांची यादी मांडण्याचा मोह आधी आवरावा. चिंतामणराव देशमुखांचेच पाहा. महाडजवळच्या नाते गावी 1896 साली जन्म, मॅट्रिकला जगन्नाथ शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्ती, आयसीएस परीक्षेत पहिला क्रमांक, हे एका वाक्यात आटोपावे. केंब्रिजला वनस्पतिशास्त्र शिकलेला, मध्य प्रांतात मुलकी कारभार पाहिलेला हा अधिकारी 1939 मध्ये बँकेत आला आणि ऑगस्ट 1943 मध्ये पहिला भारतीय गव्हर्नर झाला, ही चार वर्षे मात्र सावकाश सांगावीत.

मग त्या पदाला अधिकार किती होते, हे तपासावे. त्या वेळी बँक भागधारकांची होती. ती सरकारी मालकीची झाली 1 जानेवारी 1949 रोजी, देशमुखांच्याच कारकिर्दीत. म्हणून ‘गव्हर्नरांनी केले’ असे लिहिण्यापूर्वी तो निर्णय बँकेचा होता की सरकारचा, याची खात्री करावी. जानेवारी 1946 मध्ये पाचशे, हजार आणि दहा हजारांच्या नोटा रद्द झाल्या, त्या सरकारच्या वटहुकमाने.

सर्वांत जास्त जागा फाळणीला द्यावी, असे माझे ठाम मत आहे. देश दोन झाले, तरी मध्यवर्ती बँक काही महिने एकच राहिली. 30 जून 1948 पर्यंत पाकिस्तानचे चलनही रिझर्व्ह बँकच सांभाळत होती. हे नुसते सांगू नये, दाखवावे. त्या वर्षीची दहा रुपयांची नोट संग्राहकांकडे पाहायला मिळते: सहावे जॉर्ज यांचे चित्र, रिझर्व्ह बँकेचे नाव, देशमुखांची सही आणि त्यावर इंग्रजीत व उर्दूत वाढवून छापलेले पाकिस्तान सरकारचे नाव. नव्या देशाच्या बाजारात देशमुखांची सही चालत होती, हे पाहिल्यावर गव्हर्नरपदाचे वजन समजावून सांगावे लागत नाही.

पुढे अर्थमंत्री असताना मुंबईच्या प्रश्नावर 1956 मध्ये त्यांनी दिलेला राजीनामा मराठी माणसाच्या फार जिव्हाळ्याचा आहे, माझ्याही आहे. तरीही बँकेवरील लेखात त्याला एक परिच्छेद पुरे. देशमुखांनी आत्मचरित्र लिहिले आहे. त्यातील प्रत्येक तारीख बँकेच्या अधिकृत इतिहासाच्या 1935 ते 1951 या खंडाशी ताडून मगच लेखात घ्यावी.