ग्रिडवर बनवलेला फॉन्ट फ्लेक्सवर गेला की काऊन बिघडतो? या चुका टाळा

डीटीपी, फ्लेक्स, रेडियम असल्या कामात असलेल्या पोरांना कधी ना कधी स्वतःचा फॉन्ट बनवायची खुमखुमी येतेच, मग ते लातूरला असो नाहीतर नांदेडला. सॅन्स सेरिफ, म्हणजे टोकाला शेपट्या नसलेला फॉन्ट घेतात कारण तो सोपा वाटतो, सरळ रेघा, सारखी जाडी, आन ग्रिड, म्हणजे चौकोनी घरांची जाळी, तर समोर आहेच. फॉन्टस्ट्रक्ट ही फॉन्ट बनवायची वेबसाइट २००८ पासून ब्राउजरमधे फुकट चालतीय, ब्रिकवर ब्रिक (ठोकळ्यावर ठोकळा) ठेवायची, टीटीएफ, म्हणजे फॉन्टची फाईल उतरवायची, झाला फॉन्ट. मग पहिलं बॅनर लावलं की कळतं की मोजून तर सगळं बरोबर आहे पण दिसायलंय वाकडं. अशा वेळी मोजपट्टी बाजूला ठेवा आन डोळ्याचं ऐका, खालच्या निम्म्या चुका ह्याच एका कारणानं होतात.

सगळ्यात आधी ग्रिड किती बारीक घ्यायची ते. बहुतेक जण लै जाड घेतात. इंग्रजी कॅपिटल ई ला तीन आडव्या रेघा आन मधे दोन मोकळ्या जागा, म्हणजे पाच ओळीत काम भागतं, म्हणून पाच बाय सातच्या ग्रिडमधे त्यांची सगळी एबीसीडी बसते. ते बघून आपण देवनागरी घेऊन बसलो की फसलो, कारण आपल्याला शिरोरेषेच्या वर मात्रा, रफार, अनुस्वार लागतात, खाली उकार लागतात, आन उरलेल्या जागेत ख, झ, क्ष बसवायचे असतात. त्यात रेघ एकच घर जाड ठेवली तर ती थोडी बारीक करायची सोयच राहत नाही, एक घर काढलं की रेघच गायब! रेघ चार घरं जाड ठेवा. माझं मत विचाराल तर उभ्यात ५० घरं घ्या, शिरोरेषेपासून खालपर्यंत २८, वर ११, खाली ११, आन एक घर २० युनिटचं (युनिट म्हणजे फॉन्टच्या आतलं माप), म्हणजे बरोबर १००० युनिटचा फॉन्ट होतो आन अपूर्णांकाची भानगड राहत नाही. घराचं माप १६.६ असलं काही निघालं की एक्सपोर्ट करताना आकडे पूर्णांकात ओढले जातात आन एकाच अक्षराच्या दोन रेघा कमीजास्त जाडीच्या दिसतात, मग पोरं दिवसभर शोधत बसतात की चूक कुठंय. गोलाईचंही तसंच आहे. पैठणीच्या पदरावरचा मोर जवळून बघा, तिथंही गोलाई पायऱ्यापायऱ्यांनीच येते, पण धागा बारीक आहे म्हणून लांबून गोल दिसते.

आता जाडी. उभी रेघ ८० युनिट आन आडवीही ८०, तर आडवी जाड दिसणार, डोळ्याचा स्वभावच तसा आहे. इंग्रजीत हे थोडंफार खपून जातं पण आपल्याकडं शिरोरेषा सगळ्या शब्दावरून एकसलग जाते त्यामुळं ती डोक्यावर पत्रा टाकल्यासारखी जड होते. ग्रिडमधे चार घरं ठेवली तरी चालेल, पण टीटीएफ बाहेर काढल्यावर फॉन्टफोर्ज ह्या फॉन्ट दुरुस्त करायच्या सॉफ्टवेअरमधे उघडून शिरोरेषा ८० ची ७२ करून बघा. हो, ग्रिड मोडली. मोडू द्या.

गोल अक्षरांचीही तीच तऱ्हा. ट, ठ, ढ यांची पोटं कान्याच्या टोकाच्या बरोबर रेषेत ठेवली तर ती वर उचलल्यासारखी दिसतात, म्हणून पोट दहाएक युनिट, म्हणजे अर्धं घर, खाली उतरवा. इंग्रजीत ओ वर आन खाली दोन्हीकडं बाहेर काढावा लागतो. आपली अक्षरं वरून शिरोरेषेला लटकलेली असतात त्यामुळं आपल्याला फक्त खालचं बघायचंय, तेवढं काम कमी.

जिथं गोलाई उभ्या रेघेला भिडते तिथं काळा डाग साचतो, क चा मधला भाग बघा, नाहीतर ष. तिथं गोलाई बारीक करत न्यायची. १९२७ चा फ्युचुरा हा इंग्रजी फॉन्ट कंपास-पट्टीनं काढल्यासारखा वाटतो ना, त्यातसुद्धा वाटी दांड्याला मिळते तिथं रेघ बारीक केलेली आहे. याउलट डच डिझायनर विम क्राऊवेल यांनी १९६७ साली न्यू अल्फाबेट हा फॉन्ट काढला, त्यात नुसत्या उभ्या-आडव्या रेघा आन ४५ अंशाचे कोपरे, ग्रिडशी एकदम इमानदार, पण कित्येक अक्षरं ओळखूच येत नाहीत. तो प्रयोग होता, तिथं ते शोभतं. तुमच्याकडं वाढदिवसाचं बॅनर आहे.

रुंदीवर एक वाक्य पुरे: र ला आन श ला सारखी घरं देऊ नका.

शिरोरेषा तुटते ही तक्रार मात्र सगळ्यात जास्त येते. स्क्रीनवर अक्षराअक्षरात केसाएवढी पांढरी चीर दिसते. कारण एवढंच की शिरोरेषा अक्षराच्या रुंदीवर बरोबर संपवलेली असते. ती दोन्ही बाजूनं १०-१५ युनिट बाहेर काढा म्हणजे शेजारच्या अक्षरावर थोडी चढते आन चीर बुजते. पण मग दुसरी पंचाईत रेडियमवाल्याची. कटिंग प्लॉटर, म्हणजे रेडियम कापायचं मशीन, जितक्या आउटलाईन तितक्या कापतो, एकावर एक चढलेली शिरोरेषा तो मधूनच कापून टाकतो आन गाडीच्या काचेवरचं नाव सोलताना तुकडे हातात येतात. त्यासाठी कोरलड्रॉमधे शब्द कर्व्ह करून (मजकुराचा आकार करून) आधी वेल्ड मारायचा, म्हणजे सगळे तुकडे एक करायचे, मगच प्लॉटरला पाठवायचा. आन अक्षराच्या आतच ब्रिका सुट्या राहिल्या असतील तर फॉन्टफोर्जमधे रिमूव्ह ओव्हरलॅप करून त्या एकजीव करून घ्या, ते काम फॉन्ट बनवणाऱ्याचं आहे, दुकानदाराच्या गळ्यात मारू नका.

टेस्टिंग कमल, नयन, गगन लिहून करायलेत लोक. त्यात काहीच सापडत नाही. फ्लेक्सवर रोज जातं ते लिहा की, "वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा" आन "भावपूर्ण श्रद्धांजली". हार्दिकमधे रफार आन वेलांटी एकमेकांच्या अंगावर येतात, शुभेच्छात च्छ, श्रद्धांजलीत श्र आन द्ध, भावपूर्णमधे ऊकार आन र्ण. पुढं गावांची नावं घ्या: छत्रपती संभाजीनगर, सिल्लोड, कन्नड, फुलंब्री, तुळजापूर, किनवट. औंढा नागनाथ विसरू नका, तिथं औ च्या दोन मात्रा आन अनुस्वार एकाच जागेसाठी भांडतात. वेलांटीचा एकच आकार करून सगळीकडं वापरला की द वर तो लांब होतो आन श वर पोचतच नाही, दोन-तीन रुंदीच्या वेलांट्या कराव्याच लागतात.

"शेतकऱ्यांच्या" हा शब्द तर मराठवाड्यात कोणत्याच बॅनरला चुकत नाही. तिथं र चा रफार होऊन "शेतकर्यांच्या" दिसलं तर फॉन्ट कच्चा. नुक्तावाला ऱ, युनिकोड ०९३१, वेगळा काढा आन त्याचं अर्धं रूप आडव्या चंद्रकोरीसारखं द्या. ल आन श मराठी वळणाचेच काढा.

जोडाक्षर जुळतच नसेल, हलन्त तसाच लोंबकळत असेल, तर फॉन्टला शिव्या द्यायच्या आधी तोच मजकूर त्याच सॉफ्टवेअरमधे मुक्ता नाहीतर नोटो सॅन्स देवनागरी ह्या तयार फॉन्टमधे टाकून बघा. तिथंही तुटलं तर दोष सॉफ्टवेअरचा, जुन्या कोरलमधे असं होतं, म्हणूनच कित्येक दुकानांत अजून श्रीलिपी ह्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांवर काम चालतं. तिथं जुळलं आन तुमच्यात नाही तर मग फॉन्ट उघडा. जोडाक्षर जुळवायचे नियम देवनागरीच्या डेव्ह२ टॅगखाली (फॉन्टच्या आतलं लेबल) आहेत का बघा. अखंड, रफार, अर्धं रूप ही त्या नियमांची वेगवेगळी खाती आहेत, क्ष-ज्ञ अखंडच्या खात्यात, बाकीचे ज्याच्या त्याच्या. वेलांटी व्यंजनाच्या आधी आणायचं काम सॉफ्टवेअर स्वतःच करतं, तुम्ही वेगळा नियम लिहून ती परत हलवू नका, नाहीतर कि चं भलतंच काहीतरी होतं.

दुसऱ्याचा फॉन्ट उघडून शिकायला हरकत नाही. मुक्ता ओपन फॉन्ट लायसनखाली आहे, बदलही करता येतो, फक्त बदललेला फॉन्टही त्याच लायसनखाली द्यावा लागतो. नाव बदलून विकतचा फॉन्ट स्वतःचा म्हणून फिरवणं ही चूक नाही, चोरी आहे.

आन सगळं दुरुस्त करूनही जुनंच दिसायलंय असं झालं तर घाबरू नका, कॅशेमधे, म्हणजे कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या साठ्यात, जुनी फाईल बसलेली असते. दर टेस्टला फॉन्टच्या नावापुढं आकडा बदला, जुना काढून टाका, कोरल बंद करून परत चालू करा. नावातला आकडा फाईलच्या नावात नाही, फॉन्टफोर्जच्या फॉन्ट इन्फोमधे बदलायचा, नुसती फाईल रिनेम करून काही होत नाही.