ऑस्ट्रेलियाचा कोरा नकाशा बघून शहरं कुठे असतील ते कसं ओळखायचं

ऑस्ट्रेलिया भारताच्या सव्वादोन पटींहून मोठा आणि लोकसंख्या जेमतेम पावणेतीन कोटी, त्यातले ८५ टक्क्यांच्या आसपास लोक समुद्रापासून ५० किलोमीटरच्या आत राहतात. का, असं विचारलं की बहुतेक जण "मध्ये वाळवंट आहे ना" म्हणून मोकळे होतात. मग उत्तरेला डार्विनला वर्षाला १७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथे जेमतेम दीड लाख लोक आणि दक्षिणेच्या ॲडलेडला त्याच्या एक तृतीयांश पाऊस पडतो तिथे चौदा लाखांहून जास्त कसे, ह्याला काय म्हणायचं? म्हणून पाठांतर सोडा, कोरा नकाशा घ्या आणि शहरं आधी स्वतः टाका, मग खऱ्या नकाशाशी ताडून बघा. स्पर्धा परीक्षावाल्यांना तर हे उपयोगी आहेच पण पोरांना सुट्टीत करायला द्यायलाही मस्त आहे.

लागणार काय, तर शहरांची नावं नसलेला प्राकृतिक नकाशा, पावसाचा नकाशा (ऑस्ट्रेलियाच्या हवामान खात्याच्या साइटवर फुकट मिळतो), पेन्सिल आणि भरपूर खोडरबर. सुरू करायच्या आधी दोन फसव्या गोष्टी सांगून ठेवतो. प्राकृतिक नकाशातला हिरवा रंग म्हणजे झाडी नाही, तो फक्त कमी उंची दाखवतो, त्यामुळे ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी जो मोठा हिरवा पट्टा दिसतो तो बघून "वा काय सुपीक मैदान" म्हणून तिथे शहर टाकलंत की गेलात. दुसरं, निळा रंग दिसला म्हणजे पाणी आहेच असं नाही. लेक एअर बघा, नकाशावर चांगलं मोठं तळं, प्रत्यक्षात बहुतेक वर्षं मिठाचा पांढरा खडखडीत थर, समुद्रसपाटीपेक्षा साधारण १५ मीटर खाली. तळ्याची कड तुटक रेषेने काढली असेल तर समजायचं की पाणी कधीतरीच येतं.

आता पहिलं काम, २० आणि ३० दक्षिण अक्षांशांच्या मधला पट्टा पेन्सिलने हलका रंगवा. विषुववृत्तावर तापून वर गेलेली हवा साधारण ह्याच भागात परत खाली उतरते, उतरताना ती गरम होते, ढग धरत नाहीत. ऑस्ट्रेलियाचं पोट नेमकं ह्या पट्ट्यात आलंय, मकरवृत्त मधोमध जातं. बस, वाळवंटाचं मुख्य कारण हेच.

मग डोंगर. पूर्व किनाऱ्याला समांतर साडेतीन हजार किलोमीटरची ग्रेट डिव्हायडिंग रेंज आहे. उंची फार नाही, सगळ्यात उंच कॉशिउस्को २२२८ मीटर, पण पॅसिफिकवरून येणारं बाष्प अडवायला तेवढं पुरतं. वारा कुठून येतो त्याचे बाण काढा आणि डोंगराच्या मागच्या बाजूला रेघा मारा. महाबळेश्वर धो धो भिजतं आणि मागे माण-खटाव टँकरची वाट बघत बसतं तोच हिशोब, फक्त इथे समुद्र पूर्वेला असल्यामुळे उलट्या बाजूने. सिडनीला वर्षाला १२०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि डोंगर ओलांडून आत बर्कपर्यंत गेलात की साडेतीनशे.

डोंगराचं दुसरं काम म्हणजे माणसांना अडवणं, आणि इथे नुसती उंची बघून फसायला होतं. सिडनीच्या मागचे ब्लू माउंटन्स हजार मीटरच्या आसपासच आहेत तरी १७८८ साली ब्रिटिशांची वसाहत झाली ती पंचवीस वर्षं किनाऱ्यावरच अडकून पडली. कारण आपण साधारण नदीच्या खोऱ्यातून वाट शोधतो आणि इथल्या दऱ्या आत जाऊन थेट वालुकाश्माच्या उभ्या कड्याला भिडतात. १८१३ साली ब्लॅक्सलंड, लॉसन आणि वेंटवर्थ हे तिघं दरी सोडून डोंगराच्या धारेवरून गेले तेव्हा जमलं (तिथल्या मूळ लोकांना वाटा आधीपासून माहीत होत्याच म्हणा), आणि १८१५ ला पलीकडे बॅथर्स्ट वसलं. रेल्वेला तर अजून वेळ लागला, आपल्या बोरघाटात १८६३ ला जशी गाडी पुढे-मागे करत चढवली तसाच झिगझॅग तिकडे लिथगोला १८६९ मध्ये केला. तर नकाशावर नुसती उंची नाही, कंटूर (समान उंचीच्या) रेषा किती चिकटून आहेत तेही बघायचं.

आता मुद्द्याची गोष्ट, इथे घाई करू नका. पावसाच्या नकाशावर आकडा बघून थांबायचं नाही, तो पाऊस भरवशाचा किती हे बघायचं, दरवर्षी येतो का आणि कुठल्या महिन्यात येतो. डार्विनचा जवळजवळ सगळा पाऊस नोव्हेंबर ते एप्रिल, तेव्हा चक्रीवादळं पण येतात (१९७४ च्या ख्रिसमसला ट्रेसी वादळाने अख्खं डार्विन सपाट केलं होतं), बाकीचे महिने कोरडे. १९५० च्या दशकात डार्विनजवळ हम्प्टी डू नावाच्या जागी भाताचा मोठा प्रकल्प काढला, पाऊस आहे, सपाट जमीन आहे, अजून काय पाहिजे, पण पाण्याचं नियोजन जमेना, माती साथ देईना, आणि जे उगवलं त्यावर जंगली हंसांचे थवे उतरले. दहा वर्षंसुद्धा टिकला नाही. उलट ॲडलेडला पाचशे-साडेपाचशेच मिलिमीटर पण तो हिवाळ्यात, ऊन कमी असताना पडतो, त्यामुळे बाष्पीभवन कमी आणि गव्हाला अगदी वेळेवर.

ह्या भरवशाची सीमा एका माणसाने चक्क जमिनीवर काढून दाखवली होती. १८६५ साली दक्षिण ऑस्ट्रेलियात मोठा दुष्काळ चालू होता तेव्हा तिथला सर्व्हेअर जनरल (सरकारी जमीन मोजणीचा प्रमुख) जॉर्ज गॉयडर घोड्यावर बसून निघाला, पावसाच्या जुन्या नोंदी फारशा नव्हत्याच, मग त्याने झाडोरा बघितला. मॅली नावाची निलगिरीची झुडपं कुठे संपतात आणि खारट जमिनीतलं सॉल्टबुश कुठे सुरू होतं ते बघत त्याने रेषा आखली, रेषेच्या दक्षिणेला पेरा, उत्तरेला फक्त मेंढ्या. ती रेषा साधारण २५० ते ३०० मिलिमीटर पावसाच्या रेषेशी जुळते. पुढे १८७० च्या दशकात काही वर्षं पाऊस चांगला झाला आणि लोकांनी गॉयडरला वेड्यात काढलं, नांगर फिरला की मागोमाग पाऊस येतो अशी एक थिअरी तेव्हा जोरात होती, सरकारने पण रेषेच्या वर जमिनी विकायला काढल्या. १८७८ ला फारिना नावाचं गाव पार वरती गव्हाच्या आशेवर वसवलं, नंतर रेल्वे सुद्धा पोचली. १८८० च्या दशकात दुष्काळ परतला आणि शेतकरी गाशा गुंडाळून खाली आले. आज फारिनाच्या दगडी भिंती उभ्या आहेत, छप्परं नाहीत. गुगल मॅप्सवर सॅटेलाइट लेयर लावून ॲडलेडहून उत्तरेला झूम करत जा, शेतांचे चौकोन एका ठिकाणी संपतात आणि मग नुसती तांबडी जमीन, गॉयडरची रेषा बऱ्याच ठिकाणी अशी डोळ्यांनी दिसते. माझ्या मते भूगोलाच्या पुस्तकात गॉयडरला एक अख्खं पान पाहिजे, पण असो.

ह्या बेभरवशाचं मोठं कारण एल निनो, आपला मान्सून बिघडवतो तोच, तिकडे पूर्व भागात पाऊस पळवतो. म्हणून सरासरीवर विश्वास ठेवू नका.

माती पटकन उरकतो. ऑस्ट्रेलियाची जमीन फार जुनी, कोट्यवधी वर्षं धुऊन निघालेली, फॉस्फरस कमी. अपवाद जिथे ज्वालामुखीचा खडक आहे, ब्रिस्बेनच्या मागे डार्लिंग डाउन्स आणि पश्चिम व्हिक्टोरिया. डार्लिंग डाउन्सला तर आपल्या दख्खनसारखी बेसाल्टची काळी, भेगाळणारी माती, आणि पीक पण कापूस. असे तुकडे गडद करा, आणि मरे-डार्लिंग खोरं (खंडाचा साधारण सातवा हिस्सा) वेगळ्या रंगाने दाखवा, फक्त ह्या नद्यांना गोदावरी-कृष्णा समजू नका, डार्लिंगला काही वर्षी नुसती डबकी उरतात.

आता ओला, भरवशाचा, बऱ्या मातीचा जो काठ उरला तिथे नेमका टिंब कुठे टाकायचा? दोन गोष्टी एकत्र शोधा, जहाजं सुरक्षित लागतील असं बंदर आणि त्याच्या अगदी शेजारी गोडं पाणी. १७८८ ला वसाहत करायला आलेला आर्थर फिलिपचा ब्रिटिश ताफा आधी बॉटनी बेला उतरला, तिथे पाण्याची बोंब म्हणून थोडं वर पोर्ट जॅक्सनला सरकला आणि एका छोट्या ओढ्याच्या काठी सिडनी सुरू झालं. मेलबर्नचं अजून भारी आहे, यारा नदीत एक खडकाची आडवी पट्टी होती, भरतीचं खारं पाणी तिच्या खालीच अडायचं आणि वर गोडं, म्हणजे जहाज तिथपर्यंत येणार आणि प्यायचं पाणी लगेच पलीकडे. १८३५ ची वस्ती नेमकी तिथे बसली. पुढे तो खडक सुरुंग लावून काढला पण शहर हललं नाही.

इथे एक सावधगिरी. तुमच्या नकाशात जे रिकामं दिसतंय ते रिकामं नव्हतं. मूळ लोक किमान ५० हजार वर्षं अख्ख्या खंडावर राहत आलेत, वाळवंटात सुद्धा, झरे आणि पाणथळ कुठे कुठे आहेत हे पक्कं माहीत असल्यामुळे फिरत राहून. आणि जिथे पाणी भरवशाचं तिथे तेही दाटीने राहायचे. पश्चिम व्हिक्टोरियात बज बिमला लाव्हाच्या दगडांचे बांध घालून ईल मासे पाळायची साडेसहा हजार वर्षं जुनी व्यवस्था आहे, २०१९ ला जागतिक वारसा यादीत गेली.

शेवटी अपवाद. जिथे नियमाप्रमाणे काहीच नको तिथे गाव दिसलं की जमिनीखाली काय आहे ते बघा, आणि पाण्याचे पैसे कोण देतंय ते विचारा. काल्गूर्लीला १८९३ ला सोनं सापडलं, पाणी शून्य, मग पर्थजवळच्या धरणातून ५३० किलोमीटर पाइपलाइन टाकून १९०३ ला पाणी नेलं, मध्ये आठ पंपिंग स्टेशनं. कूबर पेडीला ओपल (एक रत्न) निघतो म्हणून लोक उन्हापासून वाचायला चक्क जमिनीखाली घरं खोदून राहतात. ॲलिस स्प्रिंग्स १८७२ च्या तारायंत्राच्या लाइनवरचं स्टेशन. कॅनबेरा तर निव्वळ राजकारण, राजधानी कोणती ह्या सिडनी-मेलबर्नच्या भांडणातून काढलेली वाट, ते ओळखता नाही आलं तर मार्क कापू नका.

आता ताडून बघा. रात्रीच्या दिव्यांचा सॅटेलाइट फोटो सगळ्यात सोपा पण त्यातही गंमत आहे, नासाच्या २०१२ च्या फोटोत पश्चिमेकडच्या निर्जन भागातही भरपूर उजेड दिसतो, तो बराचसा वणव्यांचा आणि काही खाणींचा आहे, शहरं नाहीत. म्हणून सोबत लोकसंख्येच्या घनतेचा नकाशा ठेवाच. पाच मोठ्या शहरांपैकी चार जरी आसपास बरोबर आली तरी झकास, पर्थ बहुतेकांचं सुटतं, कारण पश्चिम म्हणजे वाळवंट असं डोक्यात बसलेलं असतं आणि नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात हिवाळी पावसाचा तुकडा आहे तो नजरेआड होतो. तो पाऊसही १९७० च्या दशकापासून घटत चाललाय, २००६ पासून पर्थ समुद्राचं पाणी गोडं करून पितंय, म्हणजे काल्गूर्लीचा प्रश्न पर्थलाही लागू झालाच.

हे जमलं की दक्षिण अमेरिका घ्या, फक्त तिथे डोंगराची पायरी उलटी वापरायची. विषुववृत्ताजवळ खालच्या जंगलात दमट उकाडा आणि रोगराई, म्हणून बोगोटा २६०० मीटरवर, कीटो २८०० वर, आणि ला पाझ तर ३६०० वर.